शृंखला: पाहा मालिका

कोशाच्या कचेरीत तिला सगळे धाकटी म्हणायचे. तिची चाळिशी उलटली होती, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता. पण ती आली तेव्हा सगळ्यांत लहान होती आणि तिच्यानंतर उपसंपादक म्हणून कोणी आलंच नाही, म्हणून धाकटी ती धाकटीच राहिली. शब्दकोशवाल्यांचं असंच असतं. एकदा एखाद्या गोष्टीला नाव दिलं की पुढच्या आवृत्तीपर्यंत ते बदलत नाहीत, आणि पुढची आवृत्ती काही केल्या निघत नाही.

कचेरी म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला, ओळीने तीन खोल्या. पहिलीत मुख्य संपादक बाई. मधल्या लांबट खोलीत उपसंपादक, संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा. शेवटच्या, खिडकी असलेल्या खोलीत आबा. आबा प्रूफं वाचायचे. छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक पान शेवटी त्यांच्याकडे यायचं, म्हणून त्या वाचनाला ‘शेवटचा डोळा’ असंच नाव पडलं होतं. आबांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीकशी सही केली की ते पान झालं. त्यानंतर त्यात काना-मात्रेचा जरी फरक करायचा असला, तरी पान पुन्हा आबांच्या डोळ्यांखालून गेलं पाहिजे. त्या कचेरीत सगळे जण मनापासून पाळत असा हा एकच नियम. आपापला कप धुण्याचाही एक नियम होता, पण त्याचं नाव काढू नये.

दुसरी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकाच अर्थाचे चार-पाच शब्द असले की व्याख्या त्यातल्या एकाच शब्दापाशी पूर्ण लिहायची आणि बाकीच्या शब्दांपाशी ‘पाहा अमुक’ म्हणून वाचकाला तिकडे धाडायचं. जिथे व्याख्या नांदते त्या शब्दाला ही मंडळी अर्थाचं घर म्हणत. एकमेकांत गुंतून एकामागून एक येणाऱ्या गोष्टी, या अर्थाचं घर आधी ‘परंपरा’ या शब्दापाशी होतं, आणि ‘मालिका’ हा शब्द वाचकाला तिकडे पाठवत होता. आबांना हे घर पसंत नव्हतं.

“परंपरा म्हटलं की लोकांसमोर पणजोबा उभे राहतात,” ते एकदा चहाच्या वेळी म्हणाले. “घर शृंखलेपाशी हलव.”

“आणि साखळी?” धाकटीने विचारलं.

“हातात धरता येते ती साखळी. घटनांची, कारणांची, चुकांची असते ती शृंखला. पण दोघींचा स्वभाव एकच.” आबा रंगात आले. “माळ घे. माळेतले मणी एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, सगळे दोऱ्याच्या जिवावर. दोरा तुटला की मणी घरभर. मालिकेतला एखादा भाग चुकला तरी बिघडत नाही, बायको गोष्ट सांगते. साखळीला दोराच नसतो. प्रत्येक कडी शेजारच्या कडीला धरते, एवढंच. पहिल्या कडीला शेवटची दिसतसुद्धा नाही, पण हिला हिसका बसला की तिला बसतो.”

“मग व्याख्या सांगा.”

आबांनी कप बाजूला ठेवला. “जिच्यातली प्रत्येक गोष्ट फक्त शेजारच्या गोष्टीला धरून असते, आणि त्या धरण्यानेच पहिली गोष्ट शेवटच्या गोष्टीशी बांधलेली राहते, अशी...”

“अशी रांग,” धाकटी म्हणाली.

“रांग नको. रांगेत कोणी कोणाला धरत नाही, नुसते पुढच्याच्या मानेकडे बघत उभे असतात. अशी जोडणी.”

धाकटीने जागेवर जाऊन ती व्याख्या ‘शृंखला’ या शब्दापाशी घातली, ‘परंपरा’पाशी ‘पाहा शृंखला’ केलं, आणि पुढच्या शब्दाला लागली. ‘मालिका’ मात्र तशीच राहिली, वाचकाला परंपरेकडे पाठवत. हरकत नव्हती, वाचक दोन दारं ठोठावून का होईना, घरी पोचला असता. काही दिवसांनी ते पान आबांकडे गेलं. त्यांनी वाचलं, सही केली, आणि त्या दिवशी ते जरा जास्तच खुशीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचणाऱ्या माणसाचं स्वतःचं एक वाक्य कोशात गेलं होतं.

घोडं अडलं ते शेवटच्या दिवशी. शेवटची पानं संध्याकाळी छापखान्यात पोचायची होती. संगणकावर पानं लावणारा माणूस आधीचा गठ्ठा घेऊन तिकडेच गेला होता. आबा दुपारीच निघाले होते, कारण त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना घरी आणायचं होतं. अशा वेळी बाईंना ‘शून्य’ या शब्दाचा राहिलेला एक अर्थ आठवला.

“एवढा घाल आणि आबांना दाखवून घे,” बाई म्हणाल्या आणि त्याही एका बैठकीला गेल्या. आबा घरी गेलेत हे त्यांना माहीत नव्हतं. धाकटीला माहीत होतं. तिने मान डोलावली.

अर्थ घातला आणि पान चार ओळींनी उतू गेलं. शून्याला जागा करून द्यायला कोणीतरी उठायला हवं होतं. छापखान्यातून तिसऱ्यांदा फोन आला. धाकटीने पानावरून नजर फिरवली. शृंखलेची व्याख्या आणि तिच्याखालचं उदाहरण मिळून बरोबर चार ओळी होत्या. ‘मालिका’ या शब्दावर आपण एक अख्खी दुपार घालवली होती हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे तिथे व्याख्या असणारच. ती दुपार टीव्हीवरच्या मालिकेच्या अर्थापायी गेली होती, हे मात्र आठवलं नाही. मालिकेचं पान बघावं तर ते छापूनही झालं होतं. आबांना फोन करावा तर ते दवाखान्याच्या जिन्यात काकूंना धरून असतील. तिने चार ओळी काढल्या, ‘पाहा मालिका’ असं लिहिलं आणि पान धाडून दिलं.

उद्या आबांना सांगू, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आबा हसत आले, सगळ्यांशी हात मिळवले, काकू कशा चालल्या त्याची नक्कल करून दाखवली. त्या हसण्यात मध्येच कुठे सांगायचं? मग राहिलं. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे सह्या केलेली जुनी पानं रद्दीत गेली, आणि ती गेल्यावर धाकटीला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची पुढे तिला फार लाज वाटली.

कोश निघाला. कौतुक झालं. आणि एका सकाळी एका शाळेच्या मास्तरांचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण तोपर्यंत सगळे फोन कौतुकाचेच येत होते.

“मी मुलांना शृंखला शब्दाचा अर्थ काढायला सांगितला,” मास्तर म्हणाले. “शृंखला, पाहा मालिका. मालिका, पाहा परंपरा. परंपरा, पाहा शृंखला. पोरं सकाळपासून गरगर फिरतायत बाई. काही जण तर आता मजेने फिरतायत. माझं म्हणणं एवढंच, अर्थ काय ते तोंडी तरी सांगा.”

बाईंनी अर्थ सांगितला, माफी मागितली, फोन ठेवला आणि आबांना बोलावलं. आबा कोश उघडून उभ्या-उभ्याच पान बघू लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नाही,” ते म्हणाले. “इथे व्याख्या होती. मी वाचली आहे. चार ओळी.”

“पण नाहीये, आबा.”

“होती हो. अक्षरन् अक्षर डोळ्यांपुढे आहे.” त्यांनी धाकटीकडे पाहिलं. “सांग गं यांना.”

हाच तो क्षण. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तिच्या जिभेवर होतंच. पण सही झालेल्या पानाला हात लावला म्हणून बाईंनी पूर्वी एका जुन्या उपसंपादकाला सरळ घरी बसवलं होतं, आणि बाई आत्ता टेबलावर पेन आपटत होत्या. 

“आपण चहाच्या वेळी बोललो होतो तसं,” ती म्हणाली. “पानावर होती का... मला नक्की आठवत नाही.”

वाक्य सुटलं आणि आबांचा चेहरा बदलला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले.

“म्हणजे आपण बोललो ते मी पानावर वाचलं,” ते हळूच म्हणाले. “नसलेलं वाचलं.”

त्यांच्या थोरल्या भावाचं कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, आबांनीच कधीतरी हसत सांगितलं होतं. शेवटी शेवटी तो भाऊ पेपर उलटा धरून घरच्यांना बातम्या वाचून दाखवायचा. बातम्या छान असायच्या, सगळं नीट चाललंय अशा. त्या दिवशी आबा ते आठवून हसले नाहीत. बाई मऊ झाल्या, म्हणाल्या, “अहो, होतं असं, एवढं काय,” आणि त्या मऊ आवाजाने तर प्रकरणावर शिक्कामोर्तबच झालं.  त्या दिवशी धाकटीला बोलायला कोणी बंदी केली नव्हती, हे तिला पुढे स्वतःला पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतर आबांचं वाचन बघवेना. पूर्वी ते पानावरून असे जायचे की वाटावं नुसतं चाळतायत, आणि नेमके चुकीपाशी थांबायचे. आता ते पट्टी ठेवून, तिच्यावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागले. मग मधल्या खोलीत येऊन विचारू लागले.

“जरा बघ गं. इथे ‘नदी’ असंच लिहिलंय ना?”

“हो आबा.”

“नक्की ना?”

नदीच लिहिलेलं असायचं. धाकटी “नक्की” म्हणायची, आणि तो शब्द तोंडातून निघताना तिला स्वतःची किळस यायची. जिने त्यांची नजर खोटी पाडली, तिच्यावरच ते नजर तपासायला विसंबत होते. तरी ती रोज त्यांच्यासमोर बसून चहा प्यायची. न प्यावा तर त्यांना वाटलं असतं, आपण वेडे व्हायला लागलो म्हणून हीसुद्धा टाळते.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता, त्याची सुरी थांबली.

“मग सांगून टाक ना त्यांना.”

“आता? इतके दिवस गप्प बसून?”

“आणखी थोडे दिवस बसलीस तर सोपं होणार आहे का?” असं म्हणून तो पुन्हा चिरायला लागला. नवरे बरोबर बोलतात तेव्हा जास्तच राग येतो. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

मग आबांनी बाईंना सांगितलं की ते डॉक्टरकडे जाऊन आलेत. डॉक्टरने चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि काही विशेष नाही म्हणाला. पण आबांना त्याचं काही पटलं नव्हतं. “भावालाही आधी काही विशेष नव्हतं,” ते म्हणाले. “मी थांबतो आता. पानावर नसलेलं वाचणारा माणूस तुमच्या काय कामाचा?” त्यांनी खिडकीच्या खोलीतली आपली पट्टी आणि डबा पिशवीत घातला आणि ते घरी गेले.

त्या रविवारी दुपारी धाकटी त्यांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं. काकू आता नीट चालत होत्या, पण दमलेल्या दिसत होत्या. “आलीस? बरं झालं. दिवसभर मला विचारतात, गॅस बंद केला का, मी आंघोळ केली का. माणूस साधं विसरेल की नाही? यांना विसरायचीसुद्धा भीती वाटते.”

आबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. वाचत नव्हते. धाकटीने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बसल्यावर धीर गेला असता. शून्याचा अर्थ, उतू गेलेलं पान, छापखान्याचे फोन, चार ओळी, ‘पाहा मालिका’, बाईंसमोर बोललेलं खोटं, सगळं. एकदाही थांबली नाही.

“व्याख्या होती, आबा. तुम्ही वाचलीत ती होती. मी काढली.”

आबांचे डोळे असे लकाकले की तिला तिथेच रडू फुटलं. ते खुर्चीच्या कडेला सरकले. “होती?” ते म्हणाले. “अगं, ऐकलंस का? होती म्हणते ही!” काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पण जन्म प्रूफं वाचण्यात गेलेला माणूस ऐकलेल्यावर विश्वास ठेवत नाही.

“काय होती सांग बरं,” ते म्हणाले.

धाकटीने तोंड उघडलं. तिला माळ आठवली, मणी आठवले, ‘शेजारच्या गोष्टीला धरून’ एवढं आठवलं. पुढचे शब्द येईनात. हजारो व्याख्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. “म्हणजे... प्रत्येक गोष्ट... पहिली आणि शेवटची...”

“मी सांगतो,” आबा म्हणाले. सावकाश, एकेक शब्द ठेवत त्यांनी म्हटलं, “जिच्यातली प्रत्येक गोष्ट फक्त शेजारच्या गोष्टीला धरून असते, आणि त्या धरण्यानेच पहिली गोष्ट शेवटच्या गोष्टीशी बांधलेली राहते, अशी रांग. हेच होतं का?”

“हो!” धाकटी जवळजवळ ओरडली. “हेच! अगदी अक्षरन् अक्षर हेच होतं, आबा!”

आबा तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतला उजेड हळूहळू गेला आणि त्या जागी माया आली. ती माया तिला सहन होईना.

“रांग नव्हतं गं,” ते म्हणाले. “जोडणी. रांग तर मीच नको म्हटलं होतं. मुद्दाम चुकीचं बोललो, तू पकडतेस का बघायला.”

“मी घाबरले, आबा, तुम्ही माझं खरं मानावं, एवढंच मला हवं होतं...”

“तेच म्हणतो मी. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही खरं म्हणशील.” त्यांनी तिचा हात हातात घेतला. “म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःवर आळ घेतलास. नोकरीसुद्धा घालवायला निघालीस. वेडी कुठली.”

तिने शपथा घेतल्या. नवऱ्याला फोन लावते, तोच सांगेल म्हणाली. आबा म्हणाले, तोही चांगला माणूस आहे, तू सांगशील तेच सांगेल. ती जितकं जीव तोडून सांगत गेली तितके ते तिलाच समजावत गेले. शेवटी काकूंनी पदराने डोळे पुसले, “कोण करतं गं एवढं कोणासाठी,” म्हणाल्या, आणि तिला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. तो चहा तिने कसा गिळला ते तिचं तिला ठाऊक.

सोमवारी कचेरी उघडल्या उघडल्या ती बाईंच्या खोलीत शिरली. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती.

“बाई, त्या दिवशी तुमच्यासमोर मी खोटं बोलले. मला सगळं आठवत होतं. सहीनंतर ते पान मी बदललं. आबांची काही चूक नाही. त्यांना परत बोलवा, आणि मला काय करायचं ते करा.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता.

“बस,” त्या म्हणाल्या. “आबांचा फोन येऊन गेला सकाळी. म्हणाले, ती येईल आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेईल, तिला घेऊ देऊ नका. रडत होते गं. माझ्या डोक्याचं व्हायचं ते होवो म्हणाले, पण अशी पोर भेटली.”

“बाई, ते खरंच मी केलं. पान चार ओळींनी...”

“तेही सांगितलं त्यांनी. सगळं रचून नेलं होतंस म्हणे, चार ओळींसकट. शून्य घातलेलं पान तू त्यांना दाखवलं असशीलच, त्यांनाच आता आठवत नसेल.” बाई उठून तिच्या बाजूला आल्या. “पुरे आता. शेवटच्या डोळ्याचं काम आजपासून तू बघायचंस. आबांनीच तुझं नाव सुचवलंय, आणि मलाही दुसरं कोणी सुचत नाही.”

धाकटीने पुन्हा तोंड उघडलं. पण बाईंना पटेल असं एकही वाक्य तिच्याकडे उरलं नव्हतं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि धाकटीने तो फिरवू दिला.